दिंडी, अडसर आणि हरवलेला अर्धा तास

गेल्या वर्षी जूनच्या अखेरीस, पहिल्या पावसाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर माझी स्कूटर घसरली आणि डाव्या मनगटाचे हाड मोडले. ते जागेवर बसवण्यासाठी मला केटामाइन या भुलेच्या औषधाचे इंजेक्शन देण्यात आले. छताच्या पंख्याच्या एका पात्यावर गंजाचा तपकिरी ओघळ होता, तो मला आजही स्पष्ट आठवतो. त्यानंतरची आठवण थेट ओल्या प्लास्टरच्या चुन्यासारख्या वासाची आणि त्याच्या आतून हाताला जाणवणाऱ्या उबेची आहे. मधला सुमारे अर्धा तास माझ्याजवळ नाही. त्या वेळात माझे डोळे उघडे होते, श्वास चालू होता आणि शेवटी शेवटी तर मी बोलतही होते. माझ्या यजमानांनी संध्याकाळी सांगितले की मी त्यांना तीनदा विचारले, "दूध फ्रीजमध्ये ठेवलं का?" आणि तिन्ही वेळा त्यांनी सांगितले, "ठेवलं गं." प्रत्येक वेळी मी समाधानाने मान हलवली आणि काही मिनिटांनी तोच प्रश्न नव्याने विचारला.

मी नागपुरात वैद्यकीय शाखेच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना शरीरक्रियाशास्त्र शिकवते. केटामाइन मेंदूतल्या कोणत्या प्रथिनात जाऊन बसते हे मी अनेक वर्षे फळ्यावर काढून दाखवत आले आहे. तरीही त्या दिवसापर्यंत तो माझ्यासाठी पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेदच होता. हात गळ्यात बांधून घरी बसले असताना मी तो विषय, म्हणजे मेंदूत आठवण कशी नोंदली जाते हा, पुन्हा मुळापासून वाचला, आणि वर्गात चाळीस मिनिटांत जे सांगून होत नाही ते इथे सावकाश लिहावे असे वाटले.

सुरुवात ग्लुटामेटपासून करावी लागेल. हा पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे, पिकलेल्या टोमॅटोत आहे, डाळींच्या प्रथिनांत आहे. १९०८ साली टोकियोत किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या सारातून तो वेगळा काढला आणि त्याच्या चवीला उमामी हे नाव दिले. मेंदूत मात्र हाच रेणू संदेशवाहकाचे काम करतो. दोन चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. त्यांच्यामध्ये एका मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी फट असते आणि या सांध्याला आपण सायनॅप्स म्हणतो. अलीकडची पेशी ग्लुटामेट सोडते, तो फट ओलांडून पलीकडच्या पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहींना, म्हणजे संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनांना, चिकटतो आणि ती पेशी उद्दीपित होते. मेंदूतले बहुतांश उद्दीपक संदेश याच एका पदार्थाने जातात, ही गोष्ट १९५० च्या दशकापासून हळूहळू, बऱ्याच वादानंतर मान्य झाली. इतका साधा, सगळीकडे आढळणारा रेणू संदेशवाहक असेल यावर अनेकांचा विश्वासच बसत नव्हता. (परीक्षेच्या दिवसांत पालक मला स्मरणशक्तीच्या गोळ्यांबद्दल विचारतात, म्हणून इथेच सांगते: खाल्लेले ग्लुटामेट बहुतेक आतड्यातच वापरले जाते आणि रक्तातून मेंदूत सहजासहजी शिरत नाही. मेंदू आपले ग्लुटामेट स्वतः बनवतो.)

खरी गंमत ग्लुटामेटमध्ये नसून ते स्वीकारणाऱ्या ग्राहींमध्ये आहे. त्यांचे अनेक प्रकार आहेत, परंतु आठवणीच्या दृष्टीने दोघांची जोडी महत्त्वाची: आम्पा आणि एनएमडीए. ही दोन्ही नावे ते ग्राही ओळखण्यासाठी वापरल्या गेलेल्या रसायनांवरून पडलेली आहेत, त्यामुळे नावांतून काहीच अर्थबोध होत नाही. मला त्यांचे काम समजले ते पवनीच्या आमच्या आजोळच्या वाड्यामुळे, असे मी म्हणेन.

त्या वाड्याला मोठा दरवाजा होता आणि त्या दरवाजातच एक छोटी दिंडी होती. दिंडी नुसती लोटलेली असे. कोणी हाक मारली की ती उघडायची आणि एकेक माणूस वाकून आत यायचा. मोठ्या दरवाजाला आतून भिंतीतल्या खोबणीत सरकणारा सागवानी अडसर होता. बाहेरून कितीही कडी वाजवली तरी तो दरवाजा उघडत नसे, कारण अडसर आतूनच निघायचा, आणि तो एकट्याच्याने हलायचा नाही. धानाची गाडी दाराशी आली की आधी दोन-तीन गडी दिंडीतून आत शिरत, सगळे मिळून अडसर ओढत, आणि मग बाहेरच्यांनी दरवाजा ढकलला की गाडी आत येई.

आम्पा ग्राही म्हणजे ती दिंडी. ग्लुटामेट चिकटताच तो उघडतो आणि सोडियमचे आयन, म्हणजे धनभारित कण, आत येतात. एनएमडीए ग्राही म्हणजे तो मोठा दरवाजा. शांत असलेल्या चेतापेशीच्या आतील बाजूस बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण भार असतो. त्या ऋणभाराच्या ओढीने बाहेरचा मॅग्नेशियमचा आयन एनएमडीएच्या नळीत येऊन अडकतो, आणि हाच अडसर. ग्लुटामेट येऊन चिकटले तरी, म्हणजे बाहेरून कडी वाजली तरी, मॅग्नेशियम जागेवर असेपर्यंत नळीतून काही जात नाही. परंतु त्याच वेळी आम्पाच्या दिंडीतून पुरेसे सोडियम आत आले, आतला ऋणभार कमी झाला, तर मॅग्नेशियमवरची ओढ सुटते, ते बाहेर ढकलले जाते आणि दरवाजा खुला होतो. हा अडसर मॅग्नेशियमचा आहे हे १९८४ साली पॅरिसमधील आणि अमेरिकेतील दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले. पुढे १९८७ साली असेही कळले की या ग्राहीला ग्लुटामेटबरोबर ग्लायसिन नावाच्या दुसऱ्या रेणूचीही साथ लागते.

म्हणजे हा दरवाजा उघडण्यासाठी दोन गोष्टी एकाच क्षणी घडाव्या लागतात. अलीकडच्या पेशीने संदेश पाठवलेला असावा आणि पलीकडची पेशी आधीच जागी झालेली असावी. नुसता संदेश पुरत नाही आणि नुसती जागही पुरत नाही. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ सालीच तर्काने मांडले होते की एक पेशी दुसरीला वारंवार उद्दीपित करण्यात सहभागी होत राहिली तर त्या दोघींमधला दुवा बळकट होत असला पाहिजे. एकत्र घडलेल्या गोष्टी एकत्र आठवाव्यात, सायलीचा वास आला की आजीचे अंगण समोर यावे, यासाठी मेंदूत कुठेतरी "हे दोन्ही एकाच वेळी झाले" हे ओळखणारी यंत्रणा हवी. एका प्रथिनाच्या नळीत अडकलेला एक आयन ती ओळख पटवतो, ही गोष्ट मला शरीरशास्त्रातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटते, आणि ती शिकवताना माझा आवाज अजूनही चढतो.

या विषयाच्या प्रयोगांचा इतिहासही तितकाच वाचनीय आहे. ऑस्लोमध्ये तेर्ये लोमो यांना १९६६ साली असे दिसले होते की सशाच्या हिप्पोकॅम्पसकडे, म्हणजे मेंदूतल्या आठवणींशी निगडित भागाकडे, जाणाऱ्या तंतूंना विजेचे झपाट्याने झटके दिले तर पुढे कितीतरी वेळ तो मार्ग जास्त जोरात प्रतिसाद देत राहतो. पुढे टिम ब्लिस यांच्यासह त्यांनी भूल दिलेल्या सशांवर हा प्रयोग नीट केला आणि १९७३ साली प्रसिद्ध केला. झटके द्यायचे ते फार तर १५ सेकंद. त्यातून आलेली वाढ १८ पैकी १५ सशांमध्ये अर्ध्या तासापासून दहा तासांपर्यंत टिकली. काही सेकंदांचे कारण आणि कित्येक तासांचा परिणाम, हे प्रमाण आठवणीच्या जातीचे आहे. या घटनेला दीर्घकालीन सबलीकरण म्हणतात. १९८३ साली ग्रॅहॅम कॉलिंग्रिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की एपी५ नावाच्या औषधाने एनएमडीए ग्राही बंद केले तर हे सबलीकरण सुरूच होत नाही, मात्र नेहमीचे संदेशवहन चालू राहते. दिंडी चालू, दरवाजा बंद. त्याच वर्षी केटामाइनही याच ग्राहीला रोखते असे दुसऱ्या एका गटाने दाखवले.

केटामाइन एपी५ पेक्षा वेगळ्या पद्धतीने काम करते. ते ग्लुटामेटच्या जागेवर हक्क सांगत नाही. उघडलेल्या नळीत शिरते आणि तिथेच अडकून बसते. त्या दुपारी माझ्या मेंदूत असेच झाले असणार. प्रश्न कानावर येत होता, उत्तर समजत होते, मानही हलत होती, कारण हे सर्व पुष्कळसे दिंडीच्या वाहतुकीवर चालते. परंतु "दूध ठेवलं गं" हे वाक्य टिकवून ठेवण्यासाठी जो दरवाजा उघडायला हवा होता तो आतून कोंबलेला होता. केटामाइनचा परिणाम एवढ्याच ग्राहीपुरता नसतो आणि भुलेची सगळी कथा एका वाक्यात मावणारी नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही नवी आठवण लिहिली न जाणे या भागापुरते हे स्पष्टीकरण भक्कम आहे.

दरवाजा उघडल्यावर आत येते ते कॅल्शियम, आणि पुढचे सगळे काम त्याच्यामुळे होते. पलीकडच्या पेशीत कॅम-कायनेज-२ नावाचे विकर (एन्झाइम) मोठ्या प्रमाणात असते. हिप्पोकॅम्पसमधल्या एकूण प्रथिनांपैकी एक ते दोन टक्के एवढे एकटे तेच. बारा उपघटकांचे हे विकर कॅल्शियममुळे जागे होते, आणि एकदा जागे झाले की आपल्याच शेजारच्या उपघटकांवर फॉस्फेटची खूण करते, त्यामुळे कॅल्शियम ओसरल्यावरही काही काळ जागेच राहते. त्याच्या कामाचा परिणाम असा की त्या सायनॅप्सवर नवे आम्पा ग्राही आणून बसवले जातात. पुढच्या वेळी तेवढेच ग्लुटामेट आले तरी जास्त दिंड्या उघडतात आणि संदेश जास्त जोरात पोहोचतो. १९९५ साली दोन गटांनी दाखवलेली गोष्ट तर मला विशेष वाटते: काही सायनॅप्सवर एनएमडीए ग्राही असतात, पण काम करणारे आम्पा ग्राही नसतातच. असे सायनॅप्स नेहमीच्या स्थितीत मुके असतात. आजूबाजूच्या उद्दीपनाने अडसर निघाला की त्यांच्यावर आम्पा येऊन बसतात आणि मुका सायनॅप्स बोलू लागतो.

उलटा मार्गही आहे. १९९२ साली सेरेना डुडेक आणि मार्क बेअर यांनी सेकंदाला एक या संथ गतीने नऊशे झटके दिले, म्हणजे पंधरा मिनिटे, तेव्हा सायनॅप्स कमकुवत झाला. आश्चर्य असे की त्यासाठीही एनएमडीए ग्राहीच लागतो. कॅल्शियम झपाट्याने आणि भरपूर आले तर आम्पा वाढतात. थोडे आणि रेंगाळत आले तर दुसरी विकरे कामाला लागून आम्पा आत ओढून घेतले जातात. नुसते बळकट होत जाणारे जाळे लवकरच भरून गेले असते. काही दुवे सैल होणे हा शिकण्याचाच भाग आहे.

हे सगळे सायनॅप्सचे झाले; पण प्राणी खरोखर शिकतो का, हा प्रश्न उरतोच. १९८६ साली रिचर्ड मॉरिस यांनी दुधाळ केलेल्या पाण्याच्या गोल हौदात उंदीर पोहायला सोडले. पाण्याखाली, न दिसणारा एक चौथरा होता. खोलीतल्या खुणांवरून त्याची जागा लक्षात ठेवायची. ज्यांच्या मेंदूत एपी५ सोडले होते त्या उंदरांना ती जागा शिकता येईना, मात्र नजरेने दोन वस्तूंतला फरक ओळखण्याचे शिक्षण त्यांना जमले. वर्गात मी इथे थांबत असे. आता थांबत नाही, कारण १९९५ साली असेही दिसले की उंदरांना आधी अशा हौदाची सवय करून दिलेली असेल तर ग्राही बंद असतानाही ते नवी जागा बऱ्यापैकी शिकतात. म्हणजे एनएमडीए बंद तर शिकणे बंद, इतका सरळ हिशोब नाही. हा अपवाद मुलांपासून लपवून ठेवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. दुसऱ्या बाजूला, २०१४ साली रॉबर्टो मालिनोव यांच्या गटाने उंदरांमध्ये भीतीची एक आठवण तयार केली, त्या मार्गाला संथ उद्दीपन देऊन ती निष्प्रभ केली आणि वेगवान उद्दीपन देऊन पुन्हा जागी केली. सबलीकरण आणि आठवण यांचा संबंध केवळ योगायोगाचा नाही, हे मला या प्रयोगामुळे सर्वाधिक पटते.

मागच्या सत्रात एका मुलीने तास संपता संपता विचारले, "मॅडम, प्रथिने तर सतत मोडतात आणि नवी बनतात. मग चाळीस वर्षांपूर्वीची आठवण राहते कशी?" मी तिला सांगितले की हाच प्रश्न डीएनएची रचना शोधणाऱ्या फ्रान्सिस क्रिक यांनी १९८४ साली छापून विचारला होता. रेणू काही दिवसांत किंवा आठवड्यांत बदलतात आणि आठवण मात्र वर्षानुवर्षे टिकते. क्रिक यांची कल्पना अशी होती की रेणूंनी गटाने राहावे आणि त्यांतला एक बदलला तर उरलेल्यांनी नव्याला जुन्यासारखे करून घ्यावे. बारा जणांच्या गटाने राहणारे, शेजाऱ्यावर खूण करणारे कॅम-कायनेज या कल्पनेत चपखल बसेल असे नंतर अनेकांना वाटले, आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. त्याशिवाय टिकाऊ आठवणीसाठी पेशीच्या केंद्रकापर्यंत निरोप जाऊन नवी प्रथिने तयार व्हावी लागतात, आणि जिथे सायनॅप्स असतो तो इवलासा काटाच आकाराने मोठा होतो. पवनीच्या वाड्याचे दार माझ्या डोळ्यांदेखत दोनदा बदलले. चौकट आणि भिंतीतली अडसराची खोबण तीच राहिली. त्या मुलीला हे उदाहरण पटले की नाही ते कळले नाही, पण तिने वहीत दाराचे चित्र काढलेले मी पाहिले.

पवनीचा उल्लेख आला म्हणून तिकडच्या लाखोळी या डाळीच्या पिकाबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या आपल्या धानपट्ट्यात धान उभे असतानाच जमिनीतल्या ओलाव्यावर लाखोळी फेकतात. पाणी नको, खत नको, आणि दुष्काळातही येणारे पीक. आजी लाखोळीच्या डाळीचे वडे करायची. डाळ ती आधी कढत पाण्यात भिजत घालायची आणि ते पाणी अंगणाबाहेर नेऊन ओतायची. गुरांच्या घमेल्यात ते कधी पडू द्यायची नाही. का, असे विचारले तर "आमची आई असंच करे," एवढेच उत्तर. या डाळीत ओडीएपी नावाचे एक अमिनो आम्ल असते. १९६४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी ते वेगळे काढले. आकाराने ते ग्लुटामेटसारखे असल्यामुळे आम्पा ग्राहीला फसवते, पण दार उघडून झाल्यावर ग्लुटामेटसारखे लगेच दूर होत नाही. दिंडी उघडीच राहिली तर पेशी अतिउद्दीपनाने मरते. कधीमधी खाल्लेल्या वड्यांनी असे होत नाही. दुष्काळात दुसरे काही नसताना महिनोन् महिने हीच डाळ पोटात गेली तर पाय कडक होऊन कायमचे अधू होतात, आणि बुद्धी व स्मरण मात्र शाबूत राहतात. हे विष पाण्यात विरघळते, आणि कढत पाण्यात भिजवून पाणी फेकल्याने त्याचा मोठा भाग निघून जातो. आजीला ग्राही हा शब्द माहीत असण्याचे कारण नव्हते, पण तिची रीत अचूक होती.

दुसरी गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे. २००७ साली जोसेप दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक आजार ओळखला, ज्यात शरीराची स्वतःचीच प्रतिपिंडे एनएमडीए ग्राहींना चिकटतात आणि पेशी ते ग्राही आत ओढून घेते. रुग्ण बहुधा तरुण मुली असतात. काही दिवसांत वागणे बदलते, भास होतात, नुकतेच घडलेले आठवत नाही, झटके येतात. आपल्याकडे अशा मुलीला आधी बाहेरचे काही झाले असे समजून कुठे कुठे नेले जाते, आणि त्यात अमूल्य आठवडे जातात. हा आजार पाठीतून काढलेल्या पाण्याच्या तपासणीत ओळखता येतो, काही मुलींमध्ये त्याचे मूळ बीजांडकोशातल्या गाठीत असते, आणि वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक रुग्ण पुष्कळ सुधारतात. ग्राही पुन्हा पृष्ठभागावर येतात. आजारातला काळ मात्र अनेकींना कधीच आठवत नाही.

मला ते समजू शकते. प्लास्टर काढल्यावर काही दिवसांनी माझ्या लक्षात आले की ती दुपार आता मला "दिसते": पलंगाशी उभे असलेले यजमान, मी दुधाचे विचारते आहे, ते हसून उत्तर देत आहेत. परंतु या चित्रात त्यांच्या अंगात निळा घरचा सदरा आहे. त्या दुपारी ते कार्यालयातून थेट आले होते, पांढऱ्या शर्टात. निळा सदरा त्यांनी संध्याकाळी घातला होता, जेवणाच्या टेबलाशी बसून मला हे सगळे सांगताना. तोपर्यंत केटामाइन उतरले होते.